कार्ड बदलण्यापूर्वी केबल तपासावी

धुळ्याच्या सदस्यांनी लिहिले आहे की खानदेशातील कानबाई देवीच्या जागरणात गाणाऱ्या महिलांच्या कंडेन्सर माइकचा आवाज मधूनमधून जातो आणि मागे सतत घूंऽऽ असा आवाज येत राहतो. त्यावर बहुतेकांनी मिक्सरचे कार्ड (आतली सर्किटची पट्टी) बदलण्यास सुचवले आहे. हा सल्ला मला घाईचा वाटतो.

आवाज येऊन-जाऊन असेल तर पहिला संशय केबलवर घ्यावा. फेडर (आवाज कमी-जास्त करण्याची सरकपट्टी) खाली करून, फँटम (कंडेन्सर माइकला मिक्सरकडून केबलमधूनच मिळणारी वीज) बंद करून तोच माइक त्याच केबलसह मिक्सरच्या शेजारच्या चॅनलला लावावा. दोष तेथेही दिसला, तर मूळ चॅनलला बोल लावण्याचे कारण उरत नाही. मग केवळ केबल बदलावी. एक्सएलआर पिनचे (माइक केबलच्या टोकाच्या तीन पिनांच्या जोडणीचे) टोपण उघडून एक नंबरच्या पिनचा टाका (सोल्डरचा जोड) नीट पाहावा, कारण वायर नेमकी तेथेच रोज दुमडली जाते. शील्डचा (केबलमधील तारांभोवतीच्या जाळीचा) हा टाका हलत असेल, तर 48 व्होल्टच्या फँटमचा परतीचा मार्गही तुटतो, त्यामुळे माइक बंद पडणे आणि घूं येणे ही दोन्ही लक्षणे एकाच ठिकाणाहून उद्भवू शकतात.

घूं तरीही राहिल्यास मिक्सर आणि अँप्लिफायर विजेच्या एकाच बोर्डावर घेऊन पाहावे. वेगवेगळ्या ठिकाणच्या अर्थिंगमुळे 50 हर्ट्‌झची घरघर येते. काही मंडपवाले अशा वेळी प्लगची अर्थिंगची पिनच काढून टाकतात. घरघर त्याने कदाचित थांबेलही, पण श्रावणातल्या ओल्या अंगणात माइक धरणाऱ्या बाईच्या जिवाशी तो खेळ आहे.