आजव्याचं पाणी आणि 'संथ विष'

दांडिया_बाजारकर: 'नळातलं संथ विष' ही फिरती पोस्ट मी दोन दिवस गिळली. आज सासूबाईंनी ती मोठ्याने वाचत भरलेलं पातेलं मोरीत ओतलं, तेव्हा राहवलं नाही. पोस्ट म्हणते, क्लोरीनने पाण्यात क्लोरोफॉर्म होतो, सबब क्लोरीन बंद करा. पहिला भाग खरा आहे. रॉटरडॅमच्या योहानेस रूक यांनी १९७४ सालीच ते दाखवलं. पण नुसत्या क्लोरीनने काही होत नाही, जोडीला पालापाचोळ्याचा, शेवाळाचा विरघळलेला अर्क लागतो. चहाच्या रंगासारखा, फडक्याने गाळून न निघणारा. पहिल्या पावसात आपल्या बडोद्याच्या आजवा तलावात तोच उतरतो. तुरटीने तो जमेल तितका खाली बसवा, गाळा, क्लोरीन त्यानंतर द्या. कच्च्या पाण्यातच भसाभस ओतला तर घोटाळा होणारच. इथे मात्र चोर सोडून संन्याशाला फाशी!

कारेलीबागची_माई: पोस्ट मी टाकली होती, माझ्याशी बोला. अमेरिकेत चारही ट्रायहॅलोमिथेन (क्लोरोफॉर्म आणि त्याची तीन भावंडं) मिळून लिटरला ८० मायक्रोग्रॅमची मर्यादा. आपल्या मानकात एकट्या क्लोरोफॉर्मला २००. आपली आतडी काय पत्र्याची? आणि सकाळी नळ सोडला की दवाखान्यासारखा वास येतो, तो कोणाचा?

दांडिया_बाजारकर: आकडे बरोबर आहेत, मान्य. पण जागतिक आरोग्य संघटना क्लोरोफॉर्मला ३०० चालवून घेते आणि वर बजावते की या भीतीपोटी निर्जंतुकीकरणात तडजोड नको. उग्र वास बरेचदा क्लोरीन-अमोनिया मिळून होणाऱ्या क्लोरामाइनचा असतो, म्हणजे पाण्यात अमोनिया आहे आणि क्लोरीन त्याला पुरून उरलेला नाही. वासावरून क्लोरीन जास्त झाला असं ठरवू नका.

रावपुऱ्याचे_अण्णा: श्रीमंत सयाजीराव महाराजांनी आजवा बांधला तेव्हा कुठे होता क्लोरीन? पाणी आपल्या उताराने शहरात यायचं. आमची आजी तांब्याच्या घागरीतलं पाणी पिऊन ९१ वर्षं जगली. आता घरोघरी आरओ! एक बादली प्यायला, दोन मोरीत. ते मशीन विकणाऱ्यांनीच या पोस्टी सोडल्यात, लिहून ठेवा.

महीकाठचा: अण्णा, छप्पन्नच्या (संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००) दुष्काळात पटकीने माणसं किड्यामुंगीसारखी गेली, तीही त्याच काळात. आजीच तेवढी आठवते! आणि मही नदीतल्या फ्रेंच विहिरींचं पाणी पात्रातल्या वाळूतून झिरपून येतं, बराचसा अर्क वाळूतच अडतो. आजव्याचंच कौतुक किती दिवस?

रावपुऱ्याचे_अण्णा: महाराजांवर जाऊ नका.

महीकाठचा: मी तलावावर बोलतोय हो!

कारेलीबागची_माई: आरओवर घसरू नका, अण्णा. आमच्याकडे आहे, आणि राहणार.

मोरपिशी_छत्री: दोघांचं भांडण होऊन जाऊ द्या, मी सांगते ते ऐका. चार वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या भूमिगत टाकीला तडा होता, शेजारी गटाराचा चेंबर. सेक्रेटरींना तीनदा सांगितलं, 'पुढच्या मीटिंगमध्ये बघू'. माझ्या धाकट्या दिराला कावीळ झाली, तीन आठवडे अंथरुणात. आम्ही टाकीतल्या पाण्याची क्लोरीनची पट्टी पाहिली तर रंगच आला नाही, म्हणजे क्लोरीन उरलाच नव्हता. लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी उरायला हवा ने? क्लोरोफॉर्मने कर्करोग होईल हे भय वीस वर्षांनंतरचं. दिराचे डोळे त्याच आठवड्यात पिवळे झाले होते.

कारेलीबागची_माई: तुझ्या दिराचं वाईट वाटलं ग. पण एक चूक दुसरीला झाकत नाही. आम्ही काय रोज थोडं थोडं विष पीत राहायचं?

दांडिया_बाजारकर: माई, झाकण न ठेवता उकळा, क्लोरोफॉर्म उडून जातो.

कारेलीबागची_माई: आणि क्लोरीननेच होणारी हॅलोअ‍ॅसेटिक आम्लं? ती उडतात का?

दांडिया_बाजारकर: ...नाही उडत. पाणी आटलं की उलट थोडी दाटतात. घ्या, हा गुण तुमचा.

कारेलीबागची_माई: उपकार झाले. 'बंद करा' हा शब्द चुकला म्हणते, 'आधी गाळा' असं हवं होतं. खुश?

रावपुऱ्याचे_अण्णा: म्हणजे आरओ काढणार?

कारेलीबागची_माई: नाही!

दांडिया_बाजारकर: ठेवा हो. क्लोरोफॉर्म त्यात मुख्यतः कार्बन फिल्टरच्या कांड्यात अडतो. ते शेवटचं कधी बदललंत?

कारेलीबागची_माई: यांना विचारून सांगते.

मोरपिशी_छत्री: आमचं तर बसवल्यापासून तेच आहे.