आयसिसला पैसे देणाऱ्या कंपनीवर हेगला खटला चालतो का?

प्राजक्ता_के
लाफार्ज या फ्रेंच सिमेंट कंपनीबद्दल वाचतेय आणि डोकं सुन्न झालंय. उत्तर सीरियातला जलाबियाचा प्लांट युद्धातही चालू राहावा म्हणून 2013-14 मध्ये आयसिस आणि नुसरा फ्रंट (अल-कायदाशी जोडलेली टोळी) यांना पैसे पोचवले, ट्रक नाक्यांवरून सुटावेत, कच्चा माल मिळावा म्हणून. एवढं करून दंड भरला की सुटका? हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात उभं करता येत नाही का यांना?

वकिलीण_नाशिक
कंपनीला नाही. ज्या रोम करारावर ते कोर्ट चालतं त्यातल्या कलम 25 प्रमाणे तिथे फक्त माणसांवर खटला चालतो. 1998 ला करार ठरताना फ्रान्सनेच कंपन्यांनाही घ्या असं सुचवलं होतं पण एकमत झालं नाही, बऱ्याच देशांच्या कायद्यात कंपनी गुन्हेगार ठरूच शकत नव्हती. डायरेक्टरवर खटला होऊ शकतो, पण दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्गच्या खटल्यांत आयजी फार्बेन या जर्मन रसायन कंपनीचं काय झालं बघा, नाझींच्या आउशवित्झ छळछावणीतल्या कैद्यांना कारखान्यासाठी राबवलं आणि कंपनीच्या 23 अधिकाऱ्यांपैकी 13 दोषी, सगळ्यात मोठी शिक्षा 8 वर्षं. मला हे आजही पटत नाही.

रात्रपाळी
म्हणून देशातली कोर्टं महत्त्वाची. लाफार्जने ऑक्टोबर 2022 मध्ये अमेरिकेत गुन्हा कबूल केला, जवळपास 77.8 कोटी डॉलर भरायचं ठरलं. फ्रान्समध्ये तर कंपनीवरच मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यात साथ दिल्याचा आरोप आहे आणि जानेवारी 2024 ला तिथल्या सर्वोच्च कोर्टाने तो कायम ठेवला. पण कामगारांचा जीव धोक्यात घातल्याचा आरोप त्याच निकालात रद्द झाला, का तर त्यांना फ्रेंच नाही, सीरियन कामगार कायदा लागू. परदेशी स्टाफला 2012 मध्येच बाहेर काढलं होतं हो, सीरियन माणसं मात्र तेच नाके ओलांडून ड्युटीवर येत राहिली. ज्यांनी सगळ्यात जास्त सोसलं त्यांचाच मुद्दा गळाला, याची खरी चीड येते.

प्राजक्ता_के
आणि दंडाचे पैसे पीडितांना मिळतात का?

वकिलीण_नाशिक
आपोआप नाही, दंड सरकारजमा होतो. केळीवाल्या चिक्विटाने कोलंबियात एयूसी या निमलष्करी टोळीला पैसे दिल्याचं 2007 ला कबूल केलं, 2.5 कोटी डॉलर दंड अमेरिकी सरकारला गेला. मारल्या गेलेल्यांच्या घरचे वेगळा दिवाणी दावा लढत राहिले, तेव्हा कुठे जून 2024 ला फ्लोरिडाच्या ज्युरीने आठ खुनांसाठी 3.83 कोटी डॉलर द्या म्हणून सांगितलं. लाफार्जविरुद्धही नोबेल मिळालेली नादिया मुराद आणि इतर याझिदींनी (आयसिसने छळलेला इराकमधला अल्पसंख्याक समाज) डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेत असाच दावा लावलाय, त्याच्यावर लक्ष ठेव.