क्रोन्समध्ये नक्की खायचं काय?

प्रश्न:
बहिणीला क्रोन्स (आतड्याला सूज आणणारा जुनाट आजार) निघालाय, लहान आतड्याच्या शेवटच्या भागात सूज आहे, स्टेरॉइड चालू आहेत पण जेवली की पोटात मुरडा येतो आणि मग ती खायलाच घाबरते, वजन झरझर उतरतंय. कोणी म्हणतं दूध बंद कर, कोणी म्हणतं फायबर वाढव. ऐकायचं कुणाचं?

रानवारा:
फायबर वाढव हा सल्ला बद्धकोष्ठवाल्यांचा, इथे सरसकट लावू नका. त्रास उसळलेला असताना कच्च्या भाज्या, साली, बिया, मका बाजूला ठेवा. मऊ भात, सोलून शिजवलेला बटाटा, केळं, अंडं बहुतेकांना चालतं, आणि थोडं थोडं पाच-सहा वेळा खायचं. आतडं कुठे अरुंद झालंय का हे डॉक्टरांना विचाराच, तसं असेल तर चोथा खरंच अडकतो.

चहाबाज:
दूध सगळ्यांनाच बाधत नाही हो! थोडे दिवस बंद करून बघा, फरक नसेल तर परत सुरू करा, उगाच कॅल्शियम कशाला घालवायचं. काय खाल्लं आणि पोटाचं काय झालं ते वहीत लिहा, आणि एका वेळी एकच पदार्थ बदला नाहीतर काही कळत नाही.

निशाचर:
बी-१२ जीवनसत्त्व तपासलंत का? ते लहान आतड्याच्या त्याच शेवटच्या भागात शोषलं जातं. लहान मुलांना तर ६ ते ८ आठवडे नुसत्या लिक्विड फॉर्म्युलावर (सगळं पोषण असलेल्या पातळ पेयावर) ठेवून सूज उतरवतात, मोठ्यांना ते झेपत नाही म्हणा. डाएटने गोळ्या सुटतील असं कोणी सांगितलं तर तिथून उठा. आणि उलट्या होऊन पोट फुगलं, गॅसही सरेना, तर सरळ हॉस्पिटल गाठा.