प्रति: ४ टीबीच्या जागी ८ टीबी – दोन्ही डिस्क एकदम काढू नका

वर सुचवलंय की नॅसमधल्या (नेटवर्कवरून डेटा साठवणाऱ्या यंत्रातल्या) दोन्ही ४ टीबी डिस्क एकदम काढून ८ टीबीच्या टाका. मिररमध्ये, म्हणजे दोन्ही डिस्कवर तोच डेटा ठेवलेला असताना, असं केलंत तर डेटा येणार कुठून? एकेकच बदला.

आधी बॅकअप घ्या, मग जुन्या जोडीवर डेटा स्क्रबिंग (सगळा डेटा वाचून तपासणं) चालवा. रिबिल्डच्या (नव्या डिस्कवर डेटा पुन्हा उतरवण्याच्या) वेळी उरलेली एकच डिस्क वाचली जाते आणि तिच्यातला दडलेला खराब सेक्टर नेमका तेव्हा उघडा पडतो. पहिली बदलून 'रिपेअर' द्या; 'हेल्दी' दिसेपर्यंत दुसरीला हात नको. सेकंदाला १५० एमबीच्या सरासरीने ८ टीबी पूर्ण लिहायला साधारण १५ तास लागतात. जागा दुसरी डिस्क बसल्यावरच वाढते, काही यंत्रांत हाताने वाढवावी लागते. तिथे ८ ऐवजी ७.२७ दिसलं तर दुकानदाराशी भांडू नका, तो फक्त मोजणीतला फरक: कंपनी हजाराच्या पटीत मोजते, यंत्र १०२४च्या.

इंदूरच्या जेल रोडच्या बाजारात डिस्क घेताना मॉडेल नंबर तपासा, सीएमआरच हवी, म्हणजे जिच्यात डेटाचे पट्टे शेजारी-शेजारी सुटे असतात. एसएमआरमध्ये पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात. रिबिल्डमध्ये तासन्‌तास लिहिताना कॅश (तात्पुरती साठवणीची जागा) भरते, वेग कोसळतो, आणि कधी यंत्र चांगली डिस्कच बाद ठरवतं. वेस्टर्न डिजिटलच्या 'रेड प्लस' सीएमआर आहेत. साध्या 'रेड'मध्ये २ ते ६ टीबीची एसएमआर मॉडेलं आहेत. नाव सारखं, म्हणूनच फसगत.

इंदूरच्या मे महिन्यातल्या उकाड्यात रिबिल्ड संध्याकाळी लावा, आणि यूपीएसची यूएसबी वायर नॅसला जोडा, म्हणजे वीज गेल्याचं त्याला कळून ते नीट बंद होईल; नुसता प्लग पुरत नाही. काढलेल्या डिस्कवर तारीख लिहा. महिनाभर पुसू नका.