रेडिओॲक्टिव्ह बीम ट्यून करताना फॅरडे कप का चालत नाही?

प्रश्न: सर्नच्या आयसोल्डवर (रेडिओॲक्टिव्ह आयनांचे बीम बनवणारी सुविधा) वाचतेय. सेकंदाला हजारभर आयन असलेला बीम मग बघतात तरी कसा?

प्रतिसाद १: फॅरडे कप म्हणजे बीम अडवणारा धातूचा कप, तो आयनांचा करंट मोजतो आणि १ पिकोअँपिअर म्हणजेच एका चार्जचे सेकंदाला सुमारे ६२ लाख आयन, त्यामुळे हजारभर आयन नॉइजमध्येच जातात. म्हणून आधी स्टेबल (रेडिओॲक्टिव्ह नसलेला) पायलट बीम, म्हणजे कपात दिसेल इतका जोरदार चाचणी बीम घेतात, कार्बन ३+ (तीन इलेक्ट्रॉन काढलेला), ऑक्सिजन ४+, निऑन ५+, सगळ्यांचा वस्तुमान-चार्ज रेशो ४, त्यावर मॅग्नेट सेट करायचे आणि मग खऱ्या बीमच्या रेशोनुसार स्केल करायचं.

प्रतिसाद २: वरचं बरोबर, पण स्केल केल्यावर खात्री कोण देणार? तिथे सिलिकॉन डिटेक्टर लागतो, एकेक आयन मोजतो, एनर्जीही देतो. मात्र चुकून पूर्ण पायलट बीम त्यावर सोडलात तर तो गेलाच, आधी ॲटेन्युएटर (बीम कमी करणारा अडथळा) घालाच! पातळ कार्बन फॉइल आणि एमसीपी (मायक्रोचॅनल प्लेट, इलेक्ट्रॉनचा सिग्नल वाढवणारा डिटेक्टर) हा माझा आवडता पर्याय, फॉइलमधून उडालेले इलेक्ट्रॉन मोजायचे, बीम पुढे जातो.

प्रश्नकर्ती: आणि थांबलेले आयन तिथेच डिके (किरणोत्सर्गी क्षय) झाले तर?

प्रतिसाद २: तोच खरा त्रास, बीटाचे (डिकेतून निघणारे वेगवान इलेक्ट्रॉन किंवा पॉझिट्रॉन) काउंट बीम बंद केला तरी येत राहतात. थ्रेशोल्ड (मोजायची किमान एनर्जी) उंच ठेवा, बीटा सिलिकॉनमध्ये एनर्जी फार कमी सोडतो.