फोडी सडल्या म्हणजे बेणंच खराब?
लावलेल्या बटाट्याच्या फोडी जमिनीत सडल्या आणि काही बटाटे हिरवे निघाले, अशी तक्रार एकाने केली आहे आणि सडण्याचा सगळा दोष बेण्यावर (लावणीसाठीच्या बटाट्यांवर) टाकलाय. घाई नडली असेल, असं मला वाटतं. कापलेली फोड ओली असतानाच लावली की कुजायचा धोका वाढतो. कापून दोन-तीन दिवस सावलीत, हवेशीर जागी पसरून ठेवा. कापलेल्या बाजूवरून बोट फिरवलं की चिकट न लागता खरखरीत, कोरडी साल धरल्यासारखी लागली पाहिजे. फोड ४०-५० ग्रॅमची, निदान दोन डोळ्यांची (जिथून कोंब फुटतो त्या खळग्यांची). आणि विळा मधूनमधून निर्जंतुक करा, एका रोगट बटाट्याची लागण पुढच्या फोडींना होते. (हे कंटाळवाणं काम आहे, मीही टाळायचो.) शक्य असेल तर लहान अख्खे बटाटेच लावा, कापायची भानगडच नको.

हिरव्या बटाट्यांचं म्हणाल तर भर (झाडाच्या बुडाशी चढवायची माती) कमी पडली असावी. बटाटा हे मूळ नाही, खोड आहे. उजेड लागला की हिरवा होतो, सोलानीन हे विषारी द्रव्यही वाढतं. ते खाऊ नका. काढणीआधी १०-१२ दिवस पाला कापा. मग एक उकरून अंगठ्याने घासा, साल सुटत असेल तर अजून थांबा.