मदत हवी आहे: पॅरामिकोतून आउटपुट ओळीओळीने कसं वाचायचं?

पायथनमधून पॅरामिकोच्या (एसएसएचने दूरच्या सर्व्हरला जोडणारी लायब्ररी) एक्झेक-कमांडने लिनक्स सर्व्हरवरचं एक टूल चालवायचं आहे. एक्झिट कोड (टूल कसं संपलं ते सांगणारा आकडा) आधी मागितला की मोठ्या आउटपुटला प्रोग्रॅम लटकतो: न वाचलेला डेटा किती साठू द्यायचा ती मर्यादा, म्हणजे विंडो (डीफॉल्ट २ एमबी), भरते आणि पलीकडचं टूल लिहितालिहिता अडून बसतं. म्हणून आधी आउटपुट वाचतो, कोड शेवटी. एररचा प्रवाहही सोबत उपसावा लागतो, नाहीतर तेच दुखणं.

अडकलंय ते पुढे. पीटीवाय (आभासी टर्मिनल) नसला की टूल साधारण ४ केबीचा गठ्ठा साठल्यावरच सोडतं. पीटीवाय मागितला तर ओळी लगेच येतात, पण दोन्ही प्रवाहांची खिचडी होते, ओळीअखेर सीआर (कॅरेज रिटर्न हे जादा अक्षर) चिकटतो, वर रंगांचे कोड घुसतात. स्टडबफचा (गठ्ठ्याऐवजी ओळीओळीने सोडायला लावणारी कमांड) उपयोग शून्य, कारण टूल स्टॅटिक लिंक केलेलं आहे, म्हणजे लायब्ररी आतच बांधलेली आहे.

पीटीवाय ठेवून एरर सर्व्हरवरच फाइलीत वळवणं, एवढाच मार्ग आहे का?